वृद्ध आईबाप आणि पाचवी आज्ञा

वाचन : निर्गम २०:१२; मार्क ७:९-१३; यशया ४६:१-४



पाचवी आज्ञा आपण शब्बाथ शाळेतील मुलांकडून पाठ करून घेतो, आणि ती लेकरांसाठीच आहे असे समजून पुढे जातो. परंतु सीनाय पर्वतापाशी जमलेल्या समुदायात प्रौढ स्त्रीपुरुषही होते, आणि त्यांच्यासाठीही ती होती. मान राखणे या अर्थी तेथे जो इब्री शब्द आहे, त्याच्या मुळाशी वजन ही कल्पना आहे. ज्यांचे वजन जगाच्या दृष्टीने कमी होत चालले, त्यांना आपल्या घरात वजन असावे, असा या आज्ञेचा आशय आम्हांस दिसतो.

पवित्र शास्त्र वार्धक्याची दुर्बलता झाकून ठेवीत नाही. इसहाकाची दृष्टी गेली होती. ऐंशी वर्षांचा बर्जिल्लय, अन्नाची चव व गाणाऱ्यांचा सूर आपणांस कळत नाही, असे दावीद राजाला उघड सांगतो. आपल्या घरांतही हेच घडते. कोठे याहून कठीण प्रसंग येतो : आई पोटच्या मुलालाच, तू कोणाचा, असे विचारते, जेवण होऊन घटका गेली नाही तोच, मला कोणी जेवू घातले नाही, असे शेजारणीला सांगते. गावचे लोक याला म्हातारचळ म्हणतात, कोणी बाहेरची बाधा समजून देवऋषीकडे नेतात. ही बाधा नव्हे, हा मेंदूचा आजार आहे. त्याच्या एका प्रकाराचे वर्णन जर्मन वैद्य आलोइस आल्झायमर यांनी १९०६ साली केले, आणि त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. तो समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. तरी शरीरात ब-१२ जीवनसत्त्व कमी पडल्याने किंवा गळ्यातील थायरॉईड ग्रंथी मंदावल्यानेही विस्मरण होते, आणि त्यांवर उपचार आहेत. यास्तव प्रथम डॉक्टरांना दाखवावे. दोनचार दिवसांतच एकाएकी भ्रम झाला, तर अंगात पाणी कमी पडले असेल किंवा लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला असेल. तेव्हा विलंब करू नये.

सेवेच्या काही गोष्टी प्रत्येक घराला माहीत असाव्यात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी, नाहीतर पाठीला व टाचांना जखमा होतात. घास भरविताना त्याला बसते करावे आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच ठेवावे, म्हणजे ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाण्याचे भय कमी होते. विसरलेल्या माणसाशी वाद घालू नये. आई आपल्या मेलेल्या भावाची वाट पाहत असेल, तर तिला खोटे ठरविण्यापेक्षा त्या मामाविषयी तिच्याशी दोन शब्द बोलावे.

आता प्रभूने परूश्यांना लावलेला दोष आपण उपदेशकांनी विशेषेकरून ऐकावा. आईबापांच्या उपयोगी पडावयाचे ते देवाला अर्पण, म्हणजे कर्बान, झाले असे म्हणून ते मोकळे होत असत. आपणही सभा, प्रार्थना व गावोगावचे दौरे यांना कर्बान करू शकतो. रात्री दहा वाजता भजन आटोपून घरी येणाऱ्याने, बापाचे ओले कपडे आज कोणी बदलले, हे विचारावे. बहुधा ते सुनेने बदललेले असतात, आणि तिचे नाव मंडळीच्या अहवालात येत नाही. पण शास्त्रात रूथचे नाव आहे, आणि ती नामीची सूनच होती. मुलांनी व मुलींनी हा भार वाटून घ्यावा. मंडळीतील बहिणींनी आठवड्यातून एक दुपार त्या घरी बसावे, म्हणजे त्या सुनेला निजता येईल.

आपल्यापैकी कित्येकांचे आईबाप आपल्या पूर्वजांच्या धर्मात आहेत. आज्ञेत त्यांच्या विश्वासाविषयी काही अट नाही. ख्रिस्ती झाला आणि आईबापांना विसरला, असे म्हणण्यास आपण कोणाला जागा देऊ नये. तसेच त्यांच्या दुबळेपणाचा फायदा घेऊन त्यांच्या मनावर जबरदस्तीही करू नये. अंगाला लावलेला स्वच्छ, हळुवार हात हीच त्यांच्यापुढे आपली साक्ष होय.

हे सर्व करताना मन विटते, राग येतो, आणि रागानंतर लाजही वाटते. अशा वेळी यशयाचा ४६ वा अध्याय उघडावा. बाबेलच्या लोकांना आपली दैवते जनावरांवर लादून न्यावी लागली, आणि ती जनावरे ओझ्याने थकली. परंतु इस्राएलाचा देव आपल्या लोकांना गर्भापासून केस पिकेपर्यंत स्वतः वाहतो. आई आपणांस ओळखीत नसली तरी तो तिला ओळखतो. आपण तिला उचलतो तेव्हा तो दोघांनाही उचलून धरितो. हा विश्वास असेल तर उद्याची रात्रही निभावेल. आणि वधस्तंभावर प्राण कंठाशी आले असता ज्याने आपल्या आईची सोय लावली, तो प्रभू आपली थकवा आलेली प्रार्थना समजून घेईल.

विचारासाठी प्रश्न :
१. आपल्या घरी वृद्धांची सेवा प्रत्यक्ष कोण करितो? त्याला विसावा केव्हा मिळतो?
२. देवाच्या कामाचे निमित्त सांगून आपण कोणते कर्तव्य टाळीत आहोत?
३. या आठवड्यात आपली मंडळी कोणत्या एका घराचा भार हलका करील?