पैठण आपला वारसा कसं जपतं? – परिसर अभ्यासाचा एक पाठ



ऐतिहासिक शहराचं नाव सांगा म्हटलं की मुलं जयपूर, आग्रा, नाहीतर पुणे सांगतात. कुंभार पिंपळगावच्या मुलांना एवढं लांब जायची गरज नाही. आपल्या घनसावंगी तालुक्यातल्या शेतांना ज्या डाव्या कालव्याचं पाणी मिळतं, तो कालवा निघतो पैठणहून. म्हणून आजचा पाठ पैठणवर. शहर आपला वारसा जपतं म्हणजे नक्की काय करतं, हे तीन भागांत पाहू.

१. वस्तू आणि वास्तू

पैठण म्हणजे सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात पैठण आणि तेर या दोन बाजारपेठांचा उल्लेख आहे. इथला माल गाड्यांतून भडोच बंदरापर्यंत जायचा. संत एकनाथांची (१५३३–१५९९) समाधी इथेच आहे, आणि फाल्गुन वद्य षष्ठीला नाथषष्ठीची यात्रा भरते.

जुन्या गावाच्या मातीत आजही नाणी, मणी, खापरं सापडतात. पैठणच्या बाळासाहेब पाटील यांनी अशा वस्तू वर्षानुवर्षं जमवल्या. आज त्यांच्या नावाने तिथे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. मुलांना हे जरूर सांगा. वारसा जपायची सुरुवात सरकारी फलकापासूनच होते असं नाही, खाली वाकून खापर उचलणाऱ्या एका माणसापासूनही होते.

२. निसर्ग आणि पाणी

जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. सुमारे दहा किलोमीटर लांबीची भिंत, २७ दरवाजे आणि मागे पसरलेला नाथसागर! पाणी उथळ आणि पसरट असल्याने हिवाळ्यात रोहितसारखे पाहुणे पक्षी येतात. १९८६ साली इथे पक्षी अभयारण्य जाहीर झालं. धरणाच्या पायथ्याशी संत ज्ञानेश्वर उद्यान झालं.

पण नाण्याची दुसरी बाजूही वर्गात यायला हवी. याच पाण्याखाली कित्येक गावं, त्यांची शेतं आणि देवळं गेली. आपला ऊस ज्या पाण्यावर उभा आहे, त्यासाठी कुणाचं तरी घरदार गेलं आहे. मुलांना विचारा, 'नवा निसर्ग मिळाला, जुनं गाव गेलं. हिशेब कसा मांडायचा?' उत्तर एकच येणार नाही, आणि येऊही नये.

३. हातची कला

पैठणी आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. ती विणतात कशी, हे मात्र फार थोड्या मुलांना ठाऊक असतं. काठ-पदराची नक्षी विणताना प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते. विणकर ताण्याचे धागे मोजतो आणि त्या कांड्या बोटांनी फिरवतो. रंग बदलतो तिथे दोन धागे एकमेकांत गुंतवतो. त्यामुळे हातमागाच्या अस्सल पैठणीचा पदर उलटून पाहिला, तरी मोर, पोपट, कमळं दोन्ही बाजूंनी सारखीच दिसतात. मागून लोंबणारे धागे दिसले, तर समजावं की हे वेगळं काम आहे. ही परीक्षा मुलं घरीसुद्धा करू शकतात.

एका साडीला कित्येक आठवडे लागतात, भरगच्च पदर असेल तर महिनेही. पैठणमध्ये शासनाच्या महामंडळाचं पैठणी केंद्र आहे, तिथे माग चालताना पाहता येतो. तरीही आज पैठणीचं मोठं केंद्र आहे नाशिक जिल्ह्यातलं येवला. नाव पैठणचं, पण बहुतेक माग येवल्यात! २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. पण कायदा विणकराच्या मुलाला मागावर बसवू शकत नाही. यंत्रमागावरची साडी स्वस्त मिळते आणि गिऱ्हाईक तीच घेतं. दिवसभराच्या कामाचा मोबदला परवडला, तरच पुढची पिढी मागावर बसेल.

आता आपल्या गावाकडे

आपल्या गावाच्या नावातच 'कुंभार' आहे. पण चाक, आवा, रांजण, डेरा, सुगडं यातले किती शब्द आपल्या मुलांना कळतात? शब्द गेला की वस्तू जाते, आणि वस्तूबरोबर ती घडवणारा हातही.

जवळच्या जांब समर्थला, म्हणजे समर्थ रामदासांच्या जन्मगावी, २०२२ च्या ऑगस्टमध्ये मंदिरातल्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या होत्या. पुढे पोलिसांनी मूर्ती शोधून काढल्या. यातून घ्यायचा धडा सोपा आहे. ज्याची नोंद आणि फोटो आपल्याकडे आहे, ते हरवलं तर शोधता येतं. नोंदच नसेल, तर काय गेलं हेसुद्धा कळत नाही.

वर्गात आणि घरी करण्यासाठी

- प्रत्येक मुलाने घरातली एक जुनी वस्तू निवडावी. तिचं नाव, उपयोग, कुणी केली, कुठून आली, हे आजी-आजोबांना विचारून लिहावं.
- गावातलं जुनं देऊळ, बारव, वाडा किंवा वीरगळ यांची वही करावी. मोजमाप, चित्र आणि फोटो घ्यावेत. वस्तू जागची हलवू नये, दगडावर शेंदूर किंवा ऑईलपेंट लावू नये.
- मडकं, टोपली, दोर, लोहारकाम करणाऱ्या एका कारागिराला शाळेत बोलवावं. त्याला मानधन द्यावं, नुसता नारळ-शाल नको.
- पालकांनी यंदाच्या संक्रांतीची सुगडं आणि दिवाळीच्या पणत्या कुंभाराकडूनच घ्याव्यात, आणि मुलाला सोबत न्यावं.

पैठणला संग्रहालय आहे, अभयारण्य आहे, मानांकन आहे. आपल्याकडे यातलं काही नसलं तरी चाळीस मुलांच्या चाळीस वह्या होऊ शकतात. ही सुरुवात लहान नाही. आपल्या शाळेत हा उपक्रम केलात, तर मुलांनी काय शोधलं ते जरूर कळवा.