नदीची नोंदवही

(नदीत कालांतराने होणारे बदल जुन्या नोंदींवरून कसे ओळखतात, हे या पाठात सांगितले आहे.)

महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा वाई, कराड, सांगली असा प्रवास करत कर्नाटकात जाते. या नदीत पूर्वी कोणते मासे होते, हे आज कसे कळेल? घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, "आमच्या वेळी मासे पुष्कळ होते." ते खरे असेल, पण कोणते, किती आणि कोठे, हे नुसत्या आठवणीवरून सांगता येत नाही. त्यासाठी लेखी नोंद लागते.

अशा नोंदी आपल्याकडे आहेत. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनमधील माशांची वर्णने 1839 मध्ये प्रसिद्ध केली. त्याने नुकता, कोळस, खुद्री ही इथल्या लोकांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नावांत घेतली. ती आजही जगभर वापरली जातात. पुढे 1919 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ ॲनंडेल यांनी सातारा जिल्ह्यातील मेढ्याजवळच्या वेण्णा नदीतील माशांविषयी लिहिले. 2012 मध्ये वाई येथील कृष्णेच्या माशांची यादी प्रसिद्ध झाली. तीत सुमारे 50 जाती आहेत.

या नोंदींचा उपयोग काय? एक उदाहरण पाहा. बाजारात मिळणारा चिलापी मासा मूळचा आफ्रिकेतील. तो 1952 मध्ये भारतात आणला गेला. साइक्सच्या यादीत तो नाही. जुनी यादी नसती, तर तो इथलाच आहे असे आपण समजलो असतो.

मात्र तुलना जपून करावी लागते. एखादा मासा यादीत नाही, म्हणजे तो नाहीसा झालाच असे नाही. जाळे मोठ्या छिद्रांचे असेल, तर लहान मासे निसटतात. पावसाळ्यात दिसणारा मासा उन्हाळ्यात दिसेलच असे नाही. म्हणून ठिकाण, ऋतू आणि पद्धत तीच ठेवून वर्षानुवर्षे नोंदी घ्याव्या लागतात.

मार्च 2023 मध्ये सांगलीजवळ कृष्णेत असंख्य मासे मरून पाण्यावर आले. मासेमारीवर पोट असणाऱ्यांवर अशा वेळी संकट येते. कोणती जात घटली आणि ती पुन्हा केव्हा वाढली, हे कळण्यासाठी आधीची व नंतरची, दोन्ही नोंदी हव्यात. तापाचा तक्ता पाहून डॉक्टर रोग्याची प्रकृती ओळखतात, तसेच हे आहे.

तुम्हीही एक वही करा. महिन्यातून एकदा, मोठ्या माणसांबरोबर, काठावरच्या एकाच जागेवरून पाण्याचा रंग, वास आणि दिसलेले पक्षी लिहा. तारीख मात्र विसरू नका. तारखेवाचून नोंद निरुपयोगी ठरते.

शब्दार्थ
उगम पावणे – सुरू होणे
कालांतराने – काही काळाने
निरुपयोगी – उपयोग नसलेली

स्वाध्याय
1. साइक्सने माशांची कोणती स्थानिक नावे घेतली?
2. चिलापी बाहेरून आला, हे जुन्या यादीवरून कसे समजते?
3. कारण लिहा : नोंदींची तुलना जपून करावी लागते.
4. उर्दूत ‘दरिया’ म्हणजे नदी. मराठीत ‘दर्या’ म्हणजे काय? वाक्यात उपयोग करा.