बाळ फार शांत झालं तर

आरोग्य सेविका म्हणून माझी सगळी नोकरी नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या उपकेंद्रांवर गेली. बाळंतिणीच्या घरी जायचं, बाळ उघडून बघायचं, वजन घ्यायचं, लस टोचायची, वहीत नोंद करायची. तान्ह्याला काय पाजावं आणि काय चोळावं हे सांगणारी माणसं घरोघर भेटली. त्याच्याकडे बघावं कसं, हे सांगणारं क्वचितच कुणी भेटलं. म्हणून सुना-भाच्यांना जे सांगत आले, तेच इथे लिहिते.

१. बाळ फार शांत झालं तर त्याला उठवा आणि छातीला लावून बघा.

डिसेंबरातल्या एका गृहभेटीत आजी कौतुकानं म्हणाली, "सिस्टर, लई गुणाचं बाळ. रडत नाही, दुधालासुद्धा उठत नाही." मी गोधडी बाजूला केली. पोट जेमतेम कोमट, तळपाय गार. तळव्यावर टिचकी मारली, तर डोळे किलकिले करून परत झोपलं. छातीला लावलं, तर चोखेना. आधीच्या भेटीत हेच बाळ चुरूचुरू पीत होतं. आईच्या उघड्या छातीशी त्याला धरलं, डोक्यात टोपरं, वरून शाल, आणि तसंच जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षात नेलं. रक्तात जंतुसंसर्ग निघाला. वेळेत पोचल्यामुळे बाळ वाचलं.

नीट पिणारं बाळ प्यायचं थांबलं, हे पहिल्या दोन महिन्यांतल्या सर्वांत गंभीर लक्षणांपैकी एक आहे. ताप असेलच असं नाही. जंतुसंसर्गात एवढंसं बाळ गारही पडतं. त्यामुळे दिवसातून एक-दोनदा पोट आणि तळपाय यांना हात लावून बघायची सवय ठेवा. पोट गरम आणि पाय गार असतील, तर बाळाला थंडी वाजतेय, छातीशी घ्या. दोन्ही गार लागले, तर छातीशी घेऊन रुग्णालय गाठा.

२. श्वास मोजा, आणि पूर्ण मिनिट मोजा.

झबलं छातीपर्यंत वर करायचं, सेकंदकाट्याचं घड्याळ शेजारी धरायचं आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजायचं. बाळ रडत किंवा पीत असताना मोजू नये. तान्ह्याचा श्वास मध्येच भरभर चालतो, मध्येच अडल्यासारखा होतो, म्हणून पंधरा सेकंद मोजून चारानं गुणलं की आकडा हमखास चुकतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त भरले, तर पुन्हा मोजा. पुन्हा तेच आलं, तर तातडीनं दवाखाना. दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० आणि त्यापुढे न्यूमोनियाची शंका घ्यायची. बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, घरात ज्याला 'पोट उडतंय' म्हणतात, तर मोजत बसू नका, निघा.

उपाय म्हणून पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके दिलेली बाळं मेळघाटातून आजही रुग्णालयात येतात. माझा संताप त्या आईवर नसतो. तिला श्वास मोजायला कुणी शिकवलं नाही, यावर असतो. शिकवता येतं, हे आपल्याच गडचिरोलीनं दाखवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या, थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केलं. त्यांनी घरी जाऊन नवजात बाळं तपासली, उपचार केले, आणि तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. २०११ पासून देशभर आशाताई घरी येऊन बाळ बघतात, त्याचं मूळ या कामात आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं, तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ती यायला हवी. आली नाही, तर हक्कानं बोलवा.

३. सहा महिने अंगावरचं दूध, दुसरं काहीही नको.

पहिल्या तासात छातीला लावा आणि पिवळा चीक टाकू नका. पाणी नको, मध नको, ग्राइप वॉटर नको. गुटीवर आज्या माझ्यावर रुसतात, पण बघा ना: सहाण फडताळात उघडी, तीच मुरडशेंग आणि तेच हळकुंड ओलसर डबीत, उगाळणारा हात स्वयंपाकातून आलेला. त्यात जायफळ जास्त उगाळलं गेलं की बाळ गुंगीत पडून राहतं, आणि घर म्हणतं छान झोपलं. मधात काही वेळा असे बीजाणू असतात की वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात. तेव्हा चाटवण्यापुरताही नको.

"दूध पुरत नाही" ही तक्रार प्रत्येक घरात असते. बाळ रडतंय यावरून ते ठरवू नका. दिवसरात्र मिळून सहा किंवा जास्त वेळा शू होतेय आणि वजन वाढतंय, म्हणजे पुरतंय. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येतं.

सहा महिने भरल्यावरचं उष्टावण मला फार आवडतं, वयही नेमकं आहे. पण त्यानंतर कितीतरी घरं वरणाच्या पाण्यावर बाळाला ठेवतात. पाण्यानं पोट भरतं, अंग भरत नाही. चमचा तिरका केला तर ओघळून जाणार नाही इतका घट्ट वरणभात, वर तुपाची धार, आणि सोबत दूध चालूच.

४. नाळेला हळद, राख, तेल काही लावू नका. कोरडी ठेवा, गळून पडते. काजळ नको, नाकाकानात तेल नको, शेगडीची धुरी नको. मालिश जरूर करा, हलक्या हातानं.

५. कावीळ दिवसाच्या उजेडात बघा. पहिल्या २४ तासांत बाळ पिवळं दिसलं किंवा कधीही तळहात-तळपाय पिवळे झाले, तर कोवळ्या उन्हात धरून वाट बघू नका. रक्त तपासावं लागतं.

६. जुलाबात दूध बंद करू नका.

१९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर माणसं जगवली. तेच ओआरएस आज उपकेंद्रात फुकट मिळतं. लिटरचं पाकीट लिटरभर पाण्यातच विरघळवा. अर्धं पाकीट अंदाजानं ग्लासात टाकू नका. जुलाब थांबले तरी झिंक १४ दिवस द्या. दोन महिन्यांच्या आत जुलाब लागले, तर मात्र आधी डॉक्टर.

७. लसीनंतरचा ताप एक-दोन दिवसांत उतरतो. त्या भीतीनं दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस आणि नऊ महिने भरल्यावरची गोवर-रुबेला चुकवू नका.

८. आई म्हणाली, "आज हा वेगळा वाटतोय," तर तिचं ऐका. बाळाला सगळ्यांत जास्त वेळ तीच बघत असते. मालक कामावरून येऊ देत, सासऱ्यांना विचारू, उद्या बाजारच्या गाडीनं जाऊ, यात रात्र जाते आणि एवढ्याशा बाळाकडे तेवढा वेळ नसतो. सासूबाईंनो, हा निर्णय सुनेला घेऊ द्या आणि तिच्यासोबत निघा. पैशासाठी अडू नका. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते, आणि वर्षाच्या आतल्या आजारी बाळावर सरकारी रुग्णालयात उपचार मोफत आहेत.