संगणक-पाठ : आधी मोजा, मग वापरा

विद्यार्थीमित्रांनो, सराफ्यात आपण 'भुट्ट्याचा कीस, दोन प्लेट' असे नेमके सांगतो. प्रोग्रॅम सुरू करतानाही त्याच्या नावापुढे अशी माहिती लिहिता येते. तिला कमांड-लाइन आर्ग्युमेंट म्हणतात.

'सी' भाषेत ती 'मेन' फंक्शनकडे दोन रूपांत येते : 'आर्गसी' म्हणजे संख्या आणि 'आर्गव्ही' म्हणजे यादी. यादीत शून्य क्रमांकावर साधारणतः प्रोग्रॅमचेच नाव असते.

समजा, आपण 'शोध अहिल्याबाई होळकर' असे टाइप केले. आपल्या लेखी नाव एकच; पण मधल्या रिकाम्या जागेमुळे त्याचे दोन तुकडे होतात आणि आर्गसी ३ होतो. पूर्ण नाव दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिले की तो २ होतो. नोंद पुसणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ही चूक झाली, तर भलत्याचीच नोंद जाईल! म्हणून आम्ही सांगतो, आधी आर्गसी तपासा, मगच यादीला हात लावा.

आणखी एक : '१२' हासुद्धा अक्षरे म्हणूनच येतो, बेरजेआधी त्याचे संख्येत रूपांतर करावे.

गृहपाठ : कर्निघन व रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकातल्याप्रमाणे, दिलेले शब्द जसेच्या तसे छापणारा 'एको' प्रोग्रॅम लिहा. पालकांनी त्यात आपले पूर्ण नाव देऊन पाहावे.