कुत्रा आणि माणसाचे डोळे

पावसाळ्यात डोळे येण्याची साथ सुरू झाली, की गावात तर्कवितर्कांना ऊत येतो. अशा वेळी अंगणातील कुत्र्याचे डोळे लाल दिसले व त्यांतून चिपडे येऊ लागली, तर साथीचा दोष त्याच्या माथी मारला जातो. या समजुतीत तथ्य किती, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

माणसांतील डोळ्यांची साथ बहुधा विषाणूंमुळे येते व ती माणसाकडून माणसाकडे जाते. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदी व राज्याच्या अन्य भागांत पसरलेली साथ अशीच होती. दूषित हात, रुमाल व टॉवेल ही तिच्या प्रसाराची मुख्य साधने होत. कुत्र्यांचे डोळे धूळ, इजा, वावडे, अश्रूंची कमतरता किंवा डिस्टेंपरसारख्या रोगामुळे बिघडतात. डिस्टेंपर माणसास होत नाही. जिवाणूजन्य संसर्ग कुत्र्याकडून माणसाच्या डोळ्यात जाणे अशक्य नाही, परंतु ते क्वचितच घडते. आजारी कुत्र्याचे डोळे पुसल्यावर हात साबणाने धुणे एवढी दक्षता त्यासाठी पुरेशी आहे.

खरा धोका जंतांचा

याहून गंभीर धोका कुत्र्याच्या डोळ्यांत नसून विष्ठेत आहे. कुत्र्याच्या आतड्यातील 'टॉक्सोकारा' नावाच्या गोल जंताची अंडी विष्ठेवाटे मातीत पडतात, दोन ते चार आठवड्यांत संसर्गक्षम होतात आणि मातीत दीर्घकाळ टिकतात. मातीत खेळणाऱ्या मुलांच्या न धुतलेल्या हातांवाटे ती पोटात जातात. अंड्यांतून निघालेल्या अळ्या रक्तावाटे शरीरात फिरतात. एखादी अळी डोळ्यात पोहोचल्यास दृष्टिपटलास कायमची इजा होऊ शकते. बहुधा एकच डोळा बाधित होत असल्याने मुलाच्या ते लक्षातही येत नाही. हा विकार डोळ्याच्या कर्करोगासारखा भासतो. १९५० साली हेलेनॉर वाइल्डर यांनी अमेरिकेत शस्त्रक्रियेने काढलेले ४६ डोळे तपासले, तेव्हा त्यांपैकी २४ डोळ्यांत जंतांच्या अळ्यांच्या खुणा आढळल्या.

पिलांना हे जंत जन्मापूर्वीच आईकडून मिळतात. म्हणून पिलू दोन आठवड्यांचे होताच पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंतांचे औषध सुरू करावे.

लाळेबाबत सावधगिरी

पिसाळलेल्या किंवा संशयित कुत्र्याची लाळ डोळ्यात गेल्यास, चावा नसला तरी, रेबीजचा धोका संभवतो. डोळा भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. प्रतिबंधक लस व इम्युनोग्लोब्युलिन या दोहोंची अशा वेळी आवश्यकता असते. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो.

सारांश, डोळे आले म्हणून कुत्र्याला हाकलून काही साधत नाही. शाळेचे मैदान व अंगणवाडीचे आवार विष्ठामुक्त ठेवणे, कुत्र्यांचे लसीकरण व जंतनिर्मूलन करून घेणे आणि जेवणापूर्वी मुलांना हात धुण्यास लावणे, ही कामे ग्रामपंचायत, पशुवैद्यकीय दवाखाना व शिक्षक यांनी मिळून केल्यास अनेक बालकांची दृष्टी सुरक्षित राहील.