बाबांच्या ताटातलं अंडं

सासऱ्यांची, म्हणजे बाबांची, अँजिओप्लास्टी झाली. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी एकच विचारायचा, "अंडी बंद केली ना?" तेव्हापासून त्यांच्या ताटाची काळजी माझ्याकडे आहे. त्यातून जे कळलं ते लिहिते आहे.

१. अंडं बंद करायचंच असेल, तर त्याच्या जागी काय येणार ते आधी बघा. आमच्याकडे सकाळचं उकडलेलं अंडं गेलं आणि पाहुण्यांच्या आग्रहाने चहाबरोबर खारी आली. हलकी असते म्हणे! खारीचे ते पापुद्रे सुटतात मैद्याच्या थरांत घातलेल्या वनस्पती तुपाने किंवा मार्जरीनने. ट्रान्स फॅटवर २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे हे खरं, पण सॅच्युरेटेड फॅट आणि मैदा आहेतच. अंड्यात निदान सहा ग्रॅम प्रथिनं तरी होती. म्हणून खारीचा पुडा घरात आणणं मी थांबवलं. आमच्या घरातला हा सगळ्यात मोठा बदल.

२. खाल्लेलं कोलेस्टेरॉल जसंच्या तसं रक्तात जाऊन बसत नाही. मोठ्या अंड्यात ते साधारण १८६ मिलिग्रॅम असतं, सगळं बलकात. पण शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृतच तयार करतं आणि खाण्यातून जास्त आलं, तर बहुतेकांचं यकृत आपलं काम आवरतं घेतं. रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, उचलून घेणारे रिसेप्टर यकृताच्या पेशींवर असतात. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना कोलेस्टेरॉलच्या नियंत्रणावरील संशोधनासाठी १९८५ चं नोबेल मिळालं, त्यात या रिसेप्टरचा शोध मोलाचा होता. सॅच्युरेटेड फॅट जास्त झालं की रिसेप्टरांचं हे काम मंदावतं. अंड्यात ते दीड ग्रॅमच्या आसपास, मोठ्या चमचाभर लोण्यात सातएक ग्रॅम. गाडीवरच्या भुर्जीत आणि तव्यावर परतलेल्या पावात किती लोणी जातं, ते एकदा उभं राहून बघा. त्याच कारणाने सुक्या खोबऱ्याच्या वाटणातली अंडाकरीही मी आता सणासुदीलाच करते.

३. बलक टाकून नुसतं पांढरं खाण्याचा हट्ट सरसकट नको. कोलीन, ड जीवनसत्त्व, डोळ्यांना उपयोगी ल्युटीन, सगळं बलकातच असतं. प्रथिनंही चाळीस टक्क्यांच्या आसपास तिथेच.

४. सल्ला बदलला म्हणून डॉक्टरांवर रागावू नये. १९१३ मध्ये रशियात अनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या धमन्या खराब झाल्या. ससा पडला शाकाहारी, पण धागा महत्त्वाचा होता. १९६८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने आठवड्याला जास्तीत जास्त तीन बलक सांगितले. अमेरिकेच्या २०१५ च्या आहार-मार्गदर्शिकेने रोजची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा काढली. पुढे २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात जास्त अंडी खाणाऱ्यांत हृदयविकार थोडा अधिक दिसला. २०२० च्या दुसऱ्या अभ्यासात रोज एका अंड्यापर्यंत तसा संबंध दिसला नाही. माझ्या मते निरोगी माणसाने रोजच्या एका अंड्याला घाबरू नये.

५. बहुतेकांचं यकृत आपलं काम आवरतं घेतं, म्हणजे सगळ्यांचं नव्हे. माझ्या नणंदेला मधुमेह आहे आणि मधुमेहींच्या बाबतीत काही अभ्यास सावध राहायला सांगतात. तिचे बलक डॉक्टरांनी मोजून दिलेत, ते तिने पाळावेत असं मला मनापासून वाटतं. काही घराण्यांत एलडीएल जन्मापासूनच खूप जास्त असतं. तिथे नुसत्या पथ्याने भागत नाही.

६. औषध आणि अंडं यांची अदलाबदल करू नका. "मी अंडी सोडली, आता गोळी कशाला?" असं बाबांनी विचारलं होतं. स्टॅटिनची गोळी यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मितीच कमी करते आणि स्टेंट बसलेल्या माणसाला तिची गरज राहतेच. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, "बाबा, अंड्याचं आपण बघू, गोळी मात्र चुकवायची नाही."

७. लिपिड प्रोफाइल करताना आधीचे काही आठवडे खाणंपिणं नेहमीसारखं असावं, नाहीतर दोन रिपोर्टांची तुलनाच करता येत नाही. ट्रायग्लिसराइड तर गोडाधोडाने आणि दारूने पटकन चढतं. म्हणून लग्नसराई चालू असेल, तर डॉक्टरांना विचारून बाबांची तपासणी पुढे ढकलतो.