घरी येण्याची तारीख

मुलांनो, तुमच्या घरातील किंवा मोहल्ल्यातील कोणी कामासाठी परदेशात राहते का? कोणाचे अब्बा दुबईत असतील, कोणाचे मामू कुवेतमध्ये. अशी माणसे घरी येण्याचे दिवस कसे मोजतात, ते या पाठात वाचा.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही ठाणे जिल्ह्यातील शहरे आहेत. कल्याणहून लोकलने कर्जतकडे निघालात, की ती एकापाठोपाठ एक लागतात. येथून नोकरीधंद्यासाठी परदेशी गेलेली माणसे पुष्कळ आहेत. १९७३ नंतर खनिज तेलाचे भाव खूप वाढले. आखाती देशांत पैसा आला. रस्ते, बंदरे, इमारती यांची कामे सुरू झाली. गवंडी, सुतार, वेल्डर, ड्रायव्हर अशा कामगारांची गरज पडली. भारतातून लाखो माणसे तिकडे गेली.

तिकडे पगार मिळतो, पण मनात येईल तेव्हा घरी येता येत नाही. कोणाला वर्षाने रजा मिळते, कोणाला दोन वर्षांनी. रजेचा अर्ज काही महिने आधी द्यावा लागतो. ईद घरी करायची असेल, तर आणखी एक अडचण असते. चंद्राचे वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. म्हणून ईद दर वर्षी अलीकडे येते. नक्की दिवस चंद्र दिसल्यावरच ठरतो. तिकीट मात्र आधी काढावे लागते आणि सणाच्या दिवसांत ते महागते. तेव्हा शहाणा माणूस एक-दोन दिवस हाताशी ठेवूनच तारीख ठरवतो.

तारीख ठरली, की मन आधीच घरी पोहोचते. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. तिकडे पहाटेचे साडेपाच वाजले, की इकडे सात वाजलेले असतात. ‘आता मुले शाळेला निघाली असतील,’ असे तो माणूस मनाशी म्हणतो. अंबरनाथच्या माणसाला वालधुनी नदीकाठचे जुने शिवमंदिर आठवते. ते शके ९८२ मध्ये, म्हणजे इ. स. १०६० मध्ये बांधले गेले. बदलापूरच्या माणसाला मे-जूनमधील टपोरी जांभळे आठवतात. उल्हासनगरच्या माणसाला सकाळचा दाल-पकवान आठवतो. आणि वाळवंटात राहणाऱ्या सर्वांनाच पहिला पाऊस आठवतो!

पण घरी जाण्याची तारीख सर्वांच्याच नशिबी नसते. दुसऱ्या महायुद्धात सरकारने कल्याणजवळ सैनिकांसाठी छावणी उभारली होती. १९४७ साली फाळणी झाली. सिंध प्रांत पाकिस्तानात गेला. तेथील असंख्य हिंदू कुटुंबे घरदार सोडून भारतात आली. इकडची कितीतरी मुसलमान कुटुंबे तिकडे गेली. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या माणसांवर ही वेळ आली. सिंधमधून आलेल्या पुष्कळांना या छावणीत जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते येथे नव्या नगराची कोनशिला बसवली गेली. जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तेथील पत्त्यात ‘कॅम्प नंबर ३’, ‘कॅम्प नंबर ४’ असे लिहितात.

निघताना अनेकांना वाटले होते, की थोड्या दिवसांत सारे शांत होईल आणि आपण परत जाऊ. काहींनी घराला कुलूप लावून किल्ली शेजाऱ्यांकडे दिली. ते थोडे दिवस कधी संपलेच नाहीत.

मग त्यांनी बराकींत पडदे लावून संसार मांडले. कोणी रेल्वेगाडीत गोळ्या-बिस्किटे विकली, कोणी लहानसे दुकान थाटले. हळूहळू छावणीचे शहर झाले. आता त्यांचीच मुले-नातवंडे व्यापारासाठी दूरच्या देशांत राहतात. सुट्टी मिळाली, की ‘घरी जातो’ म्हणून निघतात. ते घर म्हणजे उल्हासनगर! आजोबांना जे ठिकाण परके वाटले, त्याच ठिकाणाची नातवाला ओढ लागते. जेथे आपली वाट पाहणारी माणसे असतात, तेच आपले घर.

तुमच्याकडे कोणी परदेशातून येणार असेल, तर ‘माझ्यासाठी काय आणणार?’ हा प्रश्न आधी विचारू नका. विमानात सामानाचे वजन ठरलेले असते आणि रजेचे दिवसही मोजके असतात. त्यांतील पुष्कळसे भेटीगाठी, दवाखाना आणि बँक यांतच जातात. उरलेल्या वेळात त्यांच्याजवळ बसा. शाळेतल्या गोष्टी सांगा. घरातले लहान मूल त्यांना पाहून लाजले, अम्मीच्या मागे लपले, तर त्याला हसू नका. दोन वर्षांत ते चेहरा विसरलेले असते. आधीपासून त्याला रोज फोटो दाखवा, फोनवर बोलायला लावा. पूर्वी पत्र पोहोचायला कित्येक दिवस लागत. आता बोलता बोलता चेहराही दिसतो. मग दारात पाऊल पडताच ते मूल धावत पुढे येईल. दोन वर्षे मोजलेल्या दिवसांचे त्याहून मोठे बक्षीस कोणते?

शब्दार्थ
रजा – कामावरून मिळालेली सुट्टी
छावणी – सैनिकांची राहण्याची जागा
कोनशिला – बांधकामाच्या आरंभी बसवलेला दगड
बराक – सैनिकांसाठी बांधलेली लांब खोली
ओढ लागणे – भेटण्याची तीव्र इच्छा होणे

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) उल्हासनगरला हे नाव कशावरून मिळाले?
(आ) दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा किती मागे असते?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) ईदसाठी रजेची तारीख ठरवणे कठीण असते.
(आ) काहींनी घराची किल्ली शेजाऱ्यांकडे दिली.

प्र. ३. भविष्यकाळ करा.
(अ) मामू घरी येतात.
(आ) मूल धावत पुढे येते.

उपक्रम : परदेशात राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाला मराठीत पत्र लिहा. पत्रात काहीही मागू नका. घरची आणि शाळेची खुशाली कळवा.